आत्यानं साफ्तामावशीवर धरलेला उपास

तीर्थरूप पर्तेनियेकाकांना इलिंकाचा वाकून नमस्कार. (खरं तर कपाळ जमिनीला टेकवून करायला हवा. पण गेल्या महिन्याभरात आमच्या घरात इतक्या वेळा कपाळ जमिनीला टेकलंय की सतरंजीचा त्या जागचा रंग उडालाय. माझा उभ्यानंच घ्या.)

तुमचे गुडघे कसे आहेत? मठाधिपतींचा खोकला थांबला का? मधमाश्या थंडीतून वाचल्या का, की गेल्या वर्षीसारख्या निम्म्याच उरल्या? ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात तुम्ही मठातला फोन कपाटात कुलूपबंद करून ठेवता, म्हणून हे कागदावर लिहावं लागतंय. अक्षराबद्दल आत्ताच माफी मागून ठेवते, शेवटी दम राहील न राहील. इकडे सर्व कुशल. कुशल म्हणजे आम्ही दोघी जिवंत आहोत, छप्पर जागेवर आहे आणि कित्येक दिवसांत घरात उकडलेल्या राजम्याशिवाय कशाचाही वास आलेला नाही. मी थकलेय, काका. चोविसाव्या वर्षी कोणी थकत नसतं, असं आत्या म्हणते. ती स्वतः सत्तरीची आहे आणि थकत नाही, आणि मी थकते ती त्यामुळेच.

तुमच्या बहिणीचे उपास मी तुम्हाला काय सांगावेत, तुम्ही तिच्याच हाताखाली वाढलात. पण तुम्ही मठात गेल्यानंतर तिनं बरीच प्रगती केलीय. पूर्वी ती मांस, दूध, अंडी सोडायची, जसं सगळं गाव सोडतं. आता ती दुकानात बिस्किटाचा पुडा उजेडाकडे धरून बारीक अक्षरं वाचते, आणि त्यात दुधाची पावडर सापडली की दुकानदाराकडे असं बघते जसं काही त्यानं त्या पुड्यात अख्खी गाय लपवली होती. बुधवारी आणि शुक्रवारी तेलसुद्धा नाही. मी चोरून काही खाऊ नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बसते (तेवढंच तेल त्या दिवशी चालतं). मी याशच्या विद्यापीठात जाऊन तत्त्वज्ञान शिकले, नोकरी काही लागली नाही, परत आले आणि तिच्या घरात राहते, तेव्हा तिच्या ताटातलं मला खावं लागतं हे न्यायाचंच आहे. एकदा मी म्हटलं, "आत्या, देवाला माझ्या कॉफीतल्या दुधाचं काय पडलंय गं?" तर म्हणाली, "त्याला नसेल पडलं. मला पडलंय." यावर काय बोलायचं ते याशला कोणी शिकवलं नव्हतं.

आता मूळ प्रकरण. चर्चमध्ये शेगडीच्या शेजारची खुर्ची तुम्हाला आठवत असेल, उंच पाठीची, हातावर द्राक्षांचा घड कोरलेली. आजी तिथे बसायची, आजीनंतर आत्या बसते. गावातल्या प्रत्येक म्हातारीची जागा ठरलेली आहे, आणि ती कुठे लिहिलेली नसली तरी कोणी मोडत नाही. (सरकारचे कायदे लिहिलेले असतात, त्यांचं काय होतं ते आपण बघतोच.) तर या हिवाळ्यात आत्या छातीच्या दुखण्यानं पडली, काही रविवार चर्चला गेली नाही, आणि बरी होऊन गेली तर खुर्चीत साफ्तामावशी. नुसती बसलेली नाही. खाली उशी घेऊन बसलेली, आणि उशीला विणलेला अभ्रा. आत्या समोर जाऊन उभी राहिली. साफ्तामावशी जपमाळेवरून नजर न उचलता म्हणाली, "जागा देवाची असते, ग्लाफिरा." आत्या म्हणाली, "जागा देवाची असेल, उशी कुणाची?" एवढं बोलून ती दाराजवळच्या वाऱ्यात जाऊन उभी राहिली आणि सगळी प्रार्थना संपेपर्यंत खोकत राहिली, गरज होती त्यापेक्षा जरा मोठ्यानं.

या दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी, कुंपणाला कुंपण लागून घरं. तरी बोलणं बंद. मोठा उपास सुरू व्हायच्या आदल्या रविवारी सगळं गाव एकमेकांची माफी मागतं. त्या दिवशी आत्यानं गावातल्या झाडून सगळ्यांची माफी मागितली. पोस्टमनची मागितली. ज्यानं आपली बदकं चिरडली त्या ट्रॅक्टरवाल्याची मागितली, आणि तो बिचारा गोंधळून म्हणाला की बाई, चूक माझी होती. माझीसुद्धा मागितली (कशाबद्दल ते सांगितलं नाही, मला यादी हवी होती). फक्त साफ्तामावशी उभी होती त्या कोपऱ्याकडे तिला काही दिसेना. साफ्तामावशीलाही त्या दिवशी आमच्या कोपऱ्यापुरतं अंधत्व आलं होतं.

आणि मग, काका, आत्यानं साफ्तामावशीवर उपास धरला.

तुम्ही मठात गेलात तेव्हा आपल्या गावच्या काही रीती इथेच मागे ठेवून गेलात, त्यातली ही एक, म्हणून आठवण करून देते. कोणी कोंबडी चोरली, कोणी बांध सरकवला, कोणी खोटी साक्ष दिली, की बायका त्या माणसावर शुक्रवारी निर्जळी धरतात. सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, थुंकीसुद्धा विचार करून गिळायची. मग देव त्या माणसाचं काय करायचं ते करतो. मी आत्याला म्हटलं, हा उपास नाही, ही सुपारी आहे. तिला राग आला नाही. शांतपणे म्हणाली, "मी तिचं वाईट मागत नाही. मी काहीच मागत नाही. मी नुसती उपाशी बसते. देवाला दिसेल कोण कशामुळे उपाशी बसलंय." आणि शुक्रवारभर ती खिडकीशी बसून राहायची, कोरडे ओठ, हातात जपमाळ आणि तोंड साफ्तामावशीच्या घराकडे, म्हणजे देवाला पत्ता शोधायला त्रास नको.

त्यातल्या एका शुक्रवारी दुपारी साफ्तामावशी कोबीच्या वाफ्यात पडली.

मी कुंपणावरून उडी मारून गेले (तत्त्वज्ञान शिकलेल्या मुलीनं केलेलं या वर्षातलं एकमेव उपयोगी काम), तिला ट्रॅक्टरवाल्याच्या गाडीत घातलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी तिला घरी सोडलं, औषधं दिली आणि सांगितलं की उपास बंद, रोज कोंबडीचं सूप. पण मी बोलतेय ते आत्याबद्दल. मी दवाखान्यातून परत आले तेव्हा ती उंबऱ्यावर उभी होती. मी म्हटलं, पडली, पण आहे. आणि काका, तुम्ही पापकबुली ऐकता म्हणून तुम्हालाच सांगते, क्षणभर, अगदी क्षणभर, तिच्या चेहऱ्यावर पहिला नंबर आलेल्या मुलीचं तेज होतं. मग ते पुसलं गेलं आणि ती खाली बसली. पायरीवर, चिखलात, स्वच्छ एप्रनसकट. म्हणाली, "इलिंका, त्यानं ऐकलं गं." एवढी घाबरलेली मी तिला कधी बघितली नव्हती, अस्वल आवारात आलं होतं तेव्हासुद्धा नाही. अस्वलाला तिनं झाडूनं हाकललं होतं.

त्यानंतर तिनं तो उपास उलटवायचं ठरवलं. म्हणजे साफ्तामावशी बरी व्हावी म्हणून दुसरा उपास धरला, तोही निर्जळी, आणि पहिला शुक्रवारी धरलेला म्हणून हा सोमवारी. मग तिला वाटलं की वाईटाला एक दिवस दिला तर चांगल्याला दोन तरी द्यावेत. मी हिशोब करून दाखवला की आत्या, या वेगानं ईस्टरच्या आत मला तुलाही त्याच गाडीत घालावं लागेल आणि ट्रॅक्टरवाला आता पेट्रोल मागतोय. तर म्हणाली, "मी गेले तर फिटलं." हे ती विनोदानं म्हणत नव्हती. कॉफीचा कप बशीवर वाजायचा, तोही रिकामा. म्हणून मी तिला जवळजवळ ओढत फादर तिबेरियूंकडे नेलं.

फादर तिबेरियू तुम्हाला माहीत नाहीत. तरुण आहेत, दाढी अजून पुरती भरलेली नाही, आणि त्या दाढीवर आत्याचा विश्वास नाही. पापकबुली खाजगी असते हे मला कळतं, पण तुमच्या बहिणीला कमी ऐकू येतं आणि ती देवाशीही मोठ्यानं बोलते, त्यामुळे मी, मेणबत्त्या विकणारी बाई आणि बाहेरून जाणाऱ्या दोन शेळ्या, असं सगळ्यांनी ऐकलं. फादरनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "निर्जळी बंद करा. साफ्ताबाईंच्या घरी जा. माफी मागा. आणि त्या जे ताटात वाढतील ते खा." आत्या थोडा वेळ थांबली, पुढचं ऐकायला. पुढचं काही नव्हतं. मग ती घासाघीस करायला लागली. बाजारात ती वांग्यासाठी करते तशी, फक्त उलटी, म्हणजे भाव वाढवत. शंभर लोटांगणं घालू का? नको. रोज शंभर? नको. अनवाणी पर्तेनियेच्या मठापर्यंत चालत जाऊ? (तुमचं नाव मध्ये आलं, माफ करा.) फादर म्हणाले, "आजी, ते तुम्हाला सोपं जाईल." आत्या बाहेर आली ती फणफणत. "पोरगं आहे. पुस्तकं वाचून फादर झालंय. मोठ्या उपासात खा म्हणून सांगतो. पर्तेनियेनं असं कधी सांगितलं नसतं." मी म्हटलं, "पण सांगितलंय ना." "हो गं बाई, सांगितलंय," ती म्हणाली, आणि पुढचे काही दिवस तिनं घरातले सगळे पडदे धुतले. पडद्यांनंतर गालिचे. गालिच्यांनंतर तळघरातल्या रिकाम्या बरण्या. एवढं स्वच्छ घर मी जन्मात बघितलं नाही, काका. आज्ञा न पाळण्याइतकं कष्टाचं काम दुसरं नसावं.

शेवटी ती निघाली, आणि तिनं मुद्दाम शुक्रवार निवडला. तिचा अंदाज असा की साफ्ता कितीही वाईट असली तरी ख्रिस्ती बाई आहे, शुक्रवारी उकडलेला बटाटा वाढेल, मी तो खाईन, फादरचं ऐकल्यासारखं होईल आणि उपासही राहील. बरोबर प्लमच्या मुरंब्याची बरणी घेतली, आणि मला घेतलं, साक्षीदार म्हणून.

साफ्तामावशी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, खांद्यावर शाल, चेहरा मेणासारखा, आणि चुलीवर सूप. दार उघडल्याबरोबर वास आला. मी खोटं बोलणार नाही, माझे डोळे भरून आले. आत्यानं मात्र श्वास रोखून धरला, जणू वासानंही उपास मोडतो. तिनं मुरंब्याची बरणी टेबलावर ठेवली. मग आत्या म्हणाली, "साफ्ता, माझं काही चुकलं असेल तर माफ कर."

"असेल तर?" साफ्तामावशी म्हणाली.

"चुकलं. झालं समाधान?"

"काय चुकलं?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "मी तुझ्यावर उपास धरला होता," आत्या म्हणाली. "निर्जळी. शुक्रवारचा. म्हणून तू पडलीस."

साफ्तामावशीनं शाल सारखी केली. मग म्हणाली, "मी तुझ्यामुळे कशाला पडू? मी माझ्या उपासानं पडले. दिवसभर पोटात पाण्याचा थेंब नव्हता, डॉक्टरनं सांगितलं."

"तू कशाला निर्जळी धरली होतीस?"

"कशाला म्हणजे? तुझ्यावर."

काका, तुम्ही तिथे असायला हवे होतात. इतक्या वर्षांच्या शेजारणी, प्रत्येक शुक्रवारी कुंपणाच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक, दोघी तहानेनं वाळत बसलेल्या, दोघींची तोंडं एकमेकींच्या घराकडे, आणि वर देव. त्याच्याकडे दोन्हीकडून एकाच वेळी अर्ज. मला हसू येत होतं आणि हसण्याइतकी ताकद नव्हती. आणि आत्याचा चेहरा बघण्यासारखा होता. सुटली होती ती, डोंगर उतरला होता छातीवरून. आणि तरी कुठेतरी दुखावली होती. इतके दिवस ती स्वतःला खुनी समजून झोपली नव्हती, आणि आता कळलं की तिच्या उपासानं साफ्ताचा केससुद्धा वाकडा झाला नव्हता. "म्हणजे माझ्यानं काहीच झालं नाही?" तिनं विचारलं. साफ्तामावशी म्हणाली, "तुझ्यानं कधी काय झालंय?" आणि दोघी पहिल्यांदा थोड्या हसल्या, म्हणजे नाकातून हवा सोडली.

मग साफ्तामावशी भिंतीला धरून उठली आणि सवयीनं तीन वाडग्यांत सूप वाढलं. घरात माणूस आलं की ती विचारत नाही, वाढते. आत्यापुढे वाडगा आला. वर चरबीचे पिवळे डोळे तरंगताहेत, आत शेवया, मध्ये तंगडी. शुक्रवार, मोठ्या उपासातला. तेवढ्यात साफ्तामावशीच्या लक्षात आलं आणि तिनं कपाळावर हात मारला. "अगं, शुक्रवार. तू नको खाऊस. बटाटे आहेत, उकडून देते." मग मावशी म्हणाली, "फादरनी सांगितलंय ते गावाला माहीत आहे, तू ओरडून पापकबुली करतेस. पण मी नाही सांगणार त्यांना. खाल्लंस म्हणून सांगेन."

हे ती प्रेमानं म्हणत होती. आणि दार उघडं होतं, काका. आत्याला फक्त हो म्हणायचं होतं. बटाटे खरंच होते, टोपलीत दिसत होते. मला वाटलं झालं, सुटली, आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं, का ते तेव्हा कळलं नाही. आत्यानं टोपलीकडे बघितलं. मग सुपाकडे. मग क्रूसाची खूण केली, हळू, कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा खांदा, आणि म्हणाली, "बस खाली. तुला उभं राहायची ताकद नाहीये." आणि चमचा उचलला.

तिनं ते सगळं खाल्लं. तंगडीसुद्धा, हाड साफ करून. प्रत्येक घासाला औषध घेतल्यासारखं तोंड, पण थांबली नाही. तिचे डोळे वाहत होते, ते कशामुळे हे मी तुम्हाला सांगणार नाही कारण मला माहीत नाही. वाडगा रिकामा झाल्यावर म्हणाली, "मीठ कमी आहे." साफ्तामावशी म्हणाली, "डॉक्टरनं सांगितलंय." आत्या म्हणाली, "डॉक्टरचं ऐकतेस?" मावशी म्हणाली, "तू फादरचं ऐकतेस, मग मी डॉक्टरचं ऐकलं तर काय बिघडलं."

तर असं. साफ्तामावशी आता हिंडतेफिरते, आत्यानं निर्जळी सोडलीय, बाकीचा उपास नेहमीसारखा. घर स्वच्छ आहे. मी अजून थकलेलीच आहे, पण आता जरा वेगळी, ओझं उतरवल्यावर हात आपोआप वर जातात तशी. मठाधिपतींना माझा नमस्कार सांगा. माझ्या नोकरीसाठी प्रार्थना करत असाल तर चालू ठेवा, करत नसाल तर आता नव्यानं कशाला त्रास.

तुमची,
इलिंका

ता.क. थोडा मध पाठवलात तर बरं होईल. (मध उपासाला चालतो की नाही यावर आत्यानं अजून निकाल दिलेला नाही.)

ता.क. २. मध राहू दे. मी पत्र लिहिलं ते यासाठी नाही. आत्या या ईस्टरला प्रभुभोजन घेणार नाही म्हणते. सात वर्षांची असल्यापासून तिनं एकही ईस्टर चुकवलेला नाही, बर्फात गेलीय, तापात गेलीय, नवरा घरात मरून पडला होता त्या वर्षीही गेलीय. म्हणते, "शुक्रवारी कोंबडी खाल्लेल्या तोंडानं कशी जाऊ?" फादर तिबेरियूंनी दोनदा समजावलं. तर म्हणते, "तो म्हणणारच, त्यानंच खायला लावली." तिनं आयुष्यभर स्वतःच्या मनासारखे उपास केले, काका, आणि एकदाच, एका शुक्रवारी, मनाविरुद्ध सांगितलेलं ऐकलं, आणि नेमकं त्याच्यासाठी ती स्वतःला दाराबाहेर उभं करतेय. ती फक्त तुमचं ऐकेल. तुम्ही धाकटे असलात तरी तुमची दाढी पोटापर्यंत आहे. दोन ओळी लिहा. फक्त "माफ झालं" असं लिहू नका. माफ झालं म्हणजे पाप होतं असं ती धरून बसेल. मोठ्या उपासातला तो दिवस तिचा सगळ्यात कडक उपास होता असं लिहा. तुम्हाला तसं वाटत असेल तरच. खोटं लिहिलंत तर तिला अक्षरावरून कळेल, तिनंच तुम्हाला लिहायला शिकवलंय.

ता.क. ३. माझ्याबद्दलही विचारून ठेवते, जागा उरली तर उत्तर द्या. मी त्या दिवशी दोन वाडगे खाल्ले. मला कोणीच सांगितलं नव्हतं.

ता.क. ४. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात आत्या आली आणि तुमच्या मठाकडचं टपाल कुठल्या दिवशी येतं असं विचारून गेली. तिला कधी कोणाचं टपाल येत नाही. मग परत आली आणि म्हणाली, "सहज विचारलं." तेव्हा उत्तर मला नका पाठवू. पाकिटावर नाव तिचं घाला.